सुनेच्या गाडीचा पोचा

पोचा लहान होता. जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा, आणि त्याच्यापासून खाली उतरलेला बोटभर लांब ओरखडा. पांढऱ्या गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या दारावर. पण त्यावरून आमच्या घरात जे पेटलं ते बघून कोणाला वाटावं, गाडी पुलावरून नाल्यात गेली.

गाडी सुनेची. मुलाची नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. सून साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. मिसरोदहून रोज बसच्या गर्दीत लोंबकळत जायला कंटाळली आणि स्वतःच्या पगारावर तिनं गाडी घेतली. मुलगा मंडीदीपला कारखान्यात सुपरवायझर, त्याला कंपनीची बस नेते आणि आणते. मी सायकलवर.

रविवारी सकाळी मुलगा गाडी धुवायला खाली गेला आणि तिथूनच ओरडला, "बाबा, जरा खाली या!" मी चहा तसाच ठेवून दोन मजले उतरलो. पार्किंगमध्ये मुलगा उभा, हातात ओला फडका. बाजूला सोसायटीचा गार्ड, आणि आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले गृहस्थ, सकाळचं फिरणं संपवून आलेले, कपाळावर घाम, तोंडावर हसू. ते कायम हसतात. मला तो माणूस त्याच कारणानं आवडत नाही.

मुलगा म्हणाला, "तुमची सायकल लागली."

विचारलं नाही. सांगितलं. लागली का, असं म्हटलं असतं तर मी पुढचं काही बोललो नसतो.

आमच्या गाडीच्या डाव्या हाताला सोसायटीचा एक खांब आहे. खांबाला माझी सायकल टेकलेली असते. खांबापलीकडे शेजाऱ्यांची करडी गाडी. सायकल बाहेर काढायची तर दोन्ही गाड्यांच्या मधून न्यावी लागते, आणि शेजाऱ्यांनी दार उघडलं तर तेही याच जागेत उघडतं. म्हणजे पोचा दोघांपैकी कोणाचाही असू शकतो. पण मुलाच्या डोळ्यांना फक्त सायकल दिसली, कारण चार वर्षं त्याला तेच बघायचं होतं.

चार वर्षं हा मुलगा माझ्या सायकलच्या मागे लागला आहे. बाबा, होशंगाबाद रोडवर ट्रक असतात. बाबा, तुमचं वय चौऱ्याहत्तर. बाबा, शुगर आहे. एकदा भाजीवाल्यापाशी माझा पाय घसरला तर यानं महिनाभर सायकलला स्वतःचं कुलूप घातलं होतं. मी ते कानशीनं कापलं. मग हा गप्प बसला, पण विसरला नाही.

त्याला कळत नाही सायकल मला कशाला लागते. दर मंगळवारी मी गोविंदपुऱ्याला जातो. जिथं मी अडतीस वर्षं पत्रा ठोकला, तिथल्या चहाच्या टपरीवर आमच्यातले जे उरलेत ते बसतात. वाटेत तीनदा थांबतो, दीड-पावणेदोन तास लागतात, लागू दे. तिथं मला अजून उस्ताद म्हणतात. इथं घरात मी काही हातात घेतलं की, "बाबा, राहू द्या."

तर मी शेजाऱ्यांकडे वळलो आणि म्हटलं, "दरवाज़ा देख के खोला करो साहब. दूसरे की गाड़ी भी गाड़ी होती है."

ते हसून म्हणाले, "दादा, मैंने तो तीन दिन से गाड़ी निकाली ही नहीं."

"तो चौथे दिन लगाया होगा!"

गार्ड हसला. मुलगा कानकोंडा झाला. "बाबा, काय बोलता तुम्ही," म्हणून त्यानं माझा दंड धरला. तो मी झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "मेरी साइकिल से लगा हो तो साइकिल भंगार में दे दूँगा. सबके सामने बोल रहा हूँ. और नहीं लगा हो, तो आज के बाद इस घर में कोई मेरी साइकिल का नाम नहीं लेगा."

शेजारी म्हणाले, "अरे दादा, इतनी सी बात पे..."

इतकीशी बात. त्यांची सायकल नव्हती ना.

वर आल्यावर दुसरं युद्ध. मुलगा म्हणाला गाडी शोरूमला देऊ, इन्शुरन्समध्ये होईल, तीन-चार दिवस ठेवतील. मी म्हटलं, आठ आण्याच्या पोच्याला चार दिवस? माझ्याकडे दे, दुपारच्या जेवणाआधी काढतो.

तो म्हणाला, "बाबा, हा काही पॅनलचा डबा नाही."

मी नाश्त्यावरून उठलो.

पॅनलचा डबा. नागपूरची राजधानी उठून इथं भोपाळला आली तेव्हा माझे वडील ऑफिसचे शिपाई म्हणून आले, मी सहा वर्षांचा. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं मन लागलं नाही आणि घरात कोणी मारूनही बसवलं नाही. गोविंदपुऱ्यात पत्र्याच्या कामावर लागलो. विजेच्या मशिनींना जे लोखंडी डबे लागतात ते आम्ही बनवत होतो. कापायचे, वाकवायचे, वेल्डिंग झालं की त्यातला ताण ठोकून काढायचा. माझ्या हातून गेलेल्या डब्यावर पट्टी उभी धरा, खालून उजेड दिसणार नाही. साहेब लोक यायचे, दाराला बोट लावून बघायचे आणि सही करून जायचे. त्या डब्यांवर या मुलानं इंजिनियरिंगचा डिप्लोमा केला, आणि आज मला सांगतो हा पॅनलचा डबा नाही.

चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. जेवलो, पण आपल्या खोलीत. सून ताट आणून ठेवायची आणि जायची. ती वर्ध्याकडची आहे, कमी बोलते, आणि बोलली की खिळा ठोकल्यासारखं.

गुरुवारी तिची सुट्टी होती. मुलगा कामावर गेल्यावर ती गाडीची किल्ली घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली.

"बाबा, गाडी माझी आहे."

"मला माहीत आहे कोणाची आहे."

"शोरूमवाला म्हणतो अख्खं दार रंगवावं लागेल. मला अख्खं दार रंगवायचं नाही. तुम्ही काढता का पोचा?"

"तुझ्या नवऱ्याला विचार."

"गाडी माझी आहे म्हटलं ना. पण बिघडवलं तर मी ओरडणार, हे आधीच सांगते."

हे बोलणं मला पटलं. मी पलंगाखालून पिशवी ओढली. दोन हातोड्या, एक लोखंडी ठोकळा, पेचकस, पॉलिश पेपरचे तुकडे. हातोड्यांना मी अजून तेल लावून ठेवतो.

खाली जाऊन आधी दाराची आतली बाजू खोलायला घेतली. दाराच्या आतल्या बाजूला जो प्लॅस्टिकचा मोठा तुकडा बसवलेला असतो तो काढल्याशिवाय पत्र्याच्या पाठीला हात पोचत नाही. पूर्वी अशा ठिकाणी स्क्रू असायचे. आता दोन स्क्रू आणि बाकी सगळे प्लॅस्टिकचे खटके. एक खटका तुटला. सून बघत होती. म्हणाली, "तुटला?" मी म्हटलं, "तुटायलाच बनवलाय." ती म्हणाली, "चहा आणते," आणि वर गेली.

आता पत्रा बघायची आमची एक पद्धत आहे. डोळ्यांनी बघायचा नाही. डोळा फसतो, त्यातून माझ्या डोळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पत्रा स्वच्छ पुसायचा, तळहाताखाली मऊ सुती कापड घ्यायचं, डोळे मिटायचे आणि हात लांबवर फिरवायचा. नुसता हात पत्र्याला चिकटतो. कापड असलं की सरकतो, आणि केसाएवढा उंचसखल असला तरी सांगतो. गेल्या चार दिवसांत मी या पोच्याला हात लावला नव्हता. रागात लावला नव्हता. लांबून बघूनच शेजाऱ्याचं दार ठरवून टाकलं होतं.

हात फिरवला तेव्हाच जरा खटकलं. गाडीचं दार दाराला लागलं की उभी रेघ पडते, दाराच्या कडेसारखी. हा खळगा गोल होता, सगळ्या बाजूंनी सारखा. कापड बाजूला ठेवलं आणि उजव्या हाताचं पहिलं बोट मधोमध लावलं. खळग्याच्या तळाशी आणखी एक बारका खळगा होता. तिळाएवढा. बरोबर मध्यावर.

बोट परत लावून बघितलं. होताच.

माझ्या सायकलच्या हँडलच्या डाव्या टोकाचं रबर फार वर्षांपूर्वी फाटलं. तेव्हा मी कारखान्यातल्या लेथवर पितळेची टोपी बनवून बसवली होती. गोल, आणि मध्यावर एक बारकं बोंड ठेवलेलं, दिसायला बरं म्हणून. तशी टोपी अख्ख्या भोपाळात दुसरी नाही.

सायकल दोन हातांच्या अंतरावर खांबाला टेकलेली होती. खात्री करायची गरज नव्हती, तरी केली. सायकल आणली, हँडल वळवलं आणि पोच्याला लावलं. डब्यावर झाकण बसावं तसं बसलं. खालचा ओरखडाही मग समजला. सायकल तिरपी होऊन खाली घसरली असणार.

मला जो राग आला तो मुलावर नव्हता, शेजाऱ्यावरही नव्हता. मला कळलं कसं नाही? पत्र्यात खळगा पडेल इतक्या जोरानं हँडल लागलं, तर आवाज झाला असेल, हाताला हिसका बसला असेल. मी बोटांनी चाचपून पत्र्याची जाडी सांगणारा माणूस. लोक पैज लावायचे आणि हरायचे. आणि माझ्याच हातातलं हँडल माझ्याच सुनेच्या गाडीत घुसतं आणि मला पत्ता नाही. कोणत्या दिवशी झालं तेही आठवेना. खूप आठवलं. काहीच नाही.

आजूबाजूला कोणी नव्हतं. गार्ड गेटवर मोबाईलमध्ये मान घालून. पोचा काढायचाच होता. हातोडी चालवली की तो तीळही जाणार आणि सांगणारं कोणी उरणार नाही. शेजाऱ्यांचं दार दोषी, माझी सायकल सुटली. कोणाचं काय जात होतं? ते गृहस्थ तर हसतच राहिले असते.

मी हातोडी उचलली. बाहेरून ठोकळा लावला, आतून हात घातला आणि मारला ठोका. रागात मारला आणि आमच्या वेळच्या पत्र्याच्या हिशेबानं मारला. हा पत्रा कुठला तसला. बिस्किटाच्या डब्याचा असावा तसा. टपाक करून खळग्याच्या बाजूला बाहेर फुगवटा आला.

मायला, म्हटलं. अडतीस वर्षांत असा ठोका शिकाऊ पोरानं मारला असता तर मी त्याला हाकलला असता.

हातोडी खाली ठेवली. मग हातोडीचा लाकडी दांडा उलटा धरला आणि आतून नुसता दाबत गेलो, कडेकडेनं. पोचा मधून काढायचा नसतो, कडेनं आत जायचं असतं, घाबरलेल्या जनावराजवळ जातो तसं. फुगवट्याला बाहेरून कापड बांधलेला ठोकळा टेकवून हलके हलके बसवलं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली.

"घामाघूम झालात. काय झालं?"

"काही नाही. टॉर्च धर."

तिनं मोबाईलचा टॉर्च दारावर आडवा धरला. आडव्या उजेडात पत्रा खोटं बोलत नाही. उजेडाची रेघ पोच्यापाशी वाकडी व्हायची, मी दाबायचो, ती थोडी सरळ व्हायची. सुनेचा हात हलत नव्हता, हे मी बघितलं. तासाभरात रेघ सरळ झाली. तीळ तेवढा राहिला, कारण तिथं पत्रा ताणला गेला होता. त्यात टाचणीच्या टोकानं पुट्टी भरली. ओरखड्यावर नख फिरवलं. खाली नख अडकत नव्हतं, म्हणजे वरचाच थर गेलेला. वर पोच्यापाशी अडकत होतं. तिथं पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर फिरवला, पुसलं, आणि सुनेनं शोरूममधून आणलेल्या छोट्या बाटलीतला पांढरा रंग काडीनं लावला. पातळ. वाळू दिला. परत लावला.

रंग वाळेपर्यंत ती शेजारी पायरीवर बसली. खूश होती. म्हणाली, "आज संध्याकाळी यांना दाखवतेच. आणि खालच्या काकांना पण सांगते, जरा दार सांभाळून उघडत जा म्हणून. चार दिवस हसत फिरतायत."

"त्याच्या दारानं नाही लागलं!"

मी इतक्या जोरात ओरडलो की गार्डनं मोबाईल खाली केला.

"मग?"

"माझ्या सायकलनं लागलं. टोपीची खूण होती आत. आता नाही, मीच घालवली. आणखी काय विचारायचं ते विचार!"

तिनं ओरडायला पाहिजे होतं. ओरडली नाही. ती नर्ससारखं बोलायला लागली, ते मला जास्त लागलं.

"कधी लागली?"

"माहीत नाही."

"कळलं नाही तुम्हाला?"

मी रंगाच्या बाटलीचं झाकण घट्ट करायला लागलो.

"डावा हात दाखवा. डोळे मिटा."

"मी काय तुझा पेशंट आहे?"

"डोळे मिटा, बाबा."

मिटले. मग म्हणाली, आता उघडा. तिच्या हातात बंद केलेलं पेन होतं. म्हणाली, "करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मी चार वेळा टोचलं."

मला वाटलं होतं तिनं अजून सुरूच केलं नाही.

"किती दिवस असं आहे?"

"थंडीत होतं तसं."

"बाबा, आता कुठली थंडी?" ती म्हणाली. "शुगरमुळे असेल. सोमवारी माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला."

मी म्हटलं मी कुठंही येत नाही. आणि हात न धुता तसाच सरळ शेजाऱ्यांच्या दारावर गेलो. बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, हातात पपईची बशी.

मी म्हटलं, "लगा मेरी साइकिल से. आपका दरवाज़ा नहीं था."

"अरे दादा!" हसले. "मैं तो भूल भी गया था. आइए, पपीता खाइए."

"भूलने से कैसे चलेगा? मैंने सबके सामने आपका नाम लिया. मेरी ग़लती थी."

"चलिए, हो गया. और देखिए, साइकिल-वाइकिल कहीं मत दीजिए. गुस्से में आदमी सौ बातें कहता है."

खरं सांगतो, तिथपर्यंत माझं ठरलं नव्हतं. हात धुवून विचार करावा असं मनात होतं. गोविंदपुरा डोळ्यांपुढं होताच. पण हा माणूस पपई खात खात माझा शब्द मला माफ करायला निघाला. जसं काही मी लहान मूल, रुसून काही बोललो, आणि मोठ्यांनी ते ऐकलंच नाही.

मी म्हटलं, "मैं सौ नहीं कहता. एक कहता हूँ." आणि जिना चढून वर आलो.

संध्याकाळी मुलगा आला. सुनेनं त्याला खाली नेलं, मीही मागून गेलो. दारावर शेवटचा हात रंग चमकवायच्या कंपाउंडचा मारला होता, चकचकीत पांढरं. तो वाकला, बाजूनं बघितलं, बोट फिरवलं, परत बघितलं.

"कुठं होता?"

मी दाखवलं नाही. शोध म्हटलं. त्याला सापडला नाही. ती दोन मिनिटं मला पुरली. मग मीच सांगितलं कशानं लागला होता ते. हाताचंही सुनेनं सांगितलं. मला वाटलं आता हा छाती काढणार, चार वर्षं मी काय म्हणत होतो म्हणून. पण तो हळूच म्हणाला, "बाबा, राहू द्या सायकल. इथल्या इथं चालवा, सोसायटीत."

"सोसायटीत? गोल गोल?"

"तसं नाही म्हणत मी..."

"चार वर्षं मागत होतास. आता देतोय तर तुला दया येते? माझ्यावर दया करायला तुला कोणी सांगितलं?"

सून म्हणाली, "ओरडू नका, लोक बघतात."

"बघू देत. तेव्हाही बघत होते."

शुक्रवारी सकाळी मी सायकल हातानं ढकलत चौकातल्या भंगारवाल्याकडे नेली. चढून नेली नाही. तो म्हणाला, बाबूजी, ही तर चालती सायकल आहे, चेन चांगली, रिम चांगले, भंगारात कशाला, मी एखादं गिऱ्हाईक बघतो. मी म्हटलं, तू नंतर तिचं काय करायचं ते कर, माझ्यासमोर काट्यावर ठेव. त्यानं ठेवली. तेवढं बघून मी निघालो. येताना रस्ता लांब वाटला, आणि दोन ओळखीच्यांनी स्कूटर थांबवून बसा म्हटलं, त्यांना नाही म्हणालो.

सोमवारी हॉस्पिटलात गेलो. सुनेच्या गाडीत पुढं बसून. गोळ्या वाढल्या, बोटांचा व्यायाम सांगितला, गोडाचं भाषण झालं. व्यायाम करतो. सून विचारते म्हणून करतो.

मंगळवारी बस पकडली. दोनदा बदलावी लागते. बसमध्ये एकीनं मला जागा दिली, ती मी घेतली नाही, दांड्याला उजव्या हातानं धरून उभा राहिलो. गोविंदपुऱ्याला पोचेपर्यंत पाय भरून आले होते आणि डोकं तापलेलं.

टपरीवर चौघं होते. त्यांनी माझ्या मागे बघितलं.

"उस्ताद, साइकिल कहाँ है?"

"भंगार में दे दी."

"क्यों?"

"बोल दिया था."

त्यांनी मान हलवली. एक जण बाकावर सरकला. चहावाल्याला कोणीतरी म्हणालं, उस्ताद की फीकी. मी बसलो, आणि सुनेच्या गाडीचा पत्रा किती पातळ निघाला ते त्यांना सांगायला लागलो. त्यावर मात्र चौघांनीही मिळून शिव्या दिल्या.